शरण, आश्रय आणि थारा

अमळनेरच्या एका ताईंनी विचारले आहे: "परदेशी दूतावासात जाऊन बसलेल्या माणसाबद्दल 'त्याने दूतावासात शरण घेतली' असे वारंवार वाचायला मिळते. 'शरण घेतली' बरोबर की 'आश्रय घेतला'? राजकीय आश्रय आणि राजनैतिक आश्रय एकच का? आणि असा माणूस फरार म्हणायचा की फरारी?"

ताई, 'शरण घेतली' चूक. हे हिंदी 'शरण ली'चे कलम आहे आणि ते मराठीत रुजत नाही. बातम्या देणाऱ्यांच्या तोंडी हे रोज ऐकतो आणि रोज संताप होतो. आपल्याकडे शरण 'जातात' किंवा 'येतात', घेत नाहीत. शिवाय अर्थच उलटा होतो. 'आरोपी पोलिसांना शरण आला' म्हणजे त्याने हात वर केले. मग दूतावासात 'शरण' म्हटल्यावर वाचणाऱ्याने काय समजायचे? तो सुटला की सापडला?

संस्कृतात शरण म्हणजे घर, निवारा, रक्षण करणारी जागा. 'सरणं गच्छामि' म्हणताना माणूस त्या निवाऱ्याकडेच निघालेला असतो. पण निवाऱ्याला जाणारा शस्त्र बाहेर ठेवून जातो. मराठीने ते शस्त्र ठेवणे तेवढे धरून ठेवले आणि घर सोडून दिले. घर आता 'शरणार्थी', 'शरणागत' अशा जोडशब्दांत उरले आहे. एकट्या 'शरण'मध्ये ते नाही.

आता राजकीय आणि राजनैतिक. आपल्या देशात छळ होतो म्हणून दुसऱ्या देशाने पाठीशी घ्यावे, हा राजकीय आश्रय. तो दूतावासाच्या चार भिंतींत दिला, तर राजनयिक आश्रय. 'राजनैतिक' टाळाच. हिंदीतल्या 'राजनीतिक'शी त्याची गल्लत होते आणि दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडते. विकिलीक्सचा संस्थापक ज्युलियन असांज १९ जून २०१२ रोजी लंडनमधल्या इक्वेडोरच्या दूतावासात शिरला आणि इक्वेडोरने १६ ऑगस्टला त्याला आश्रय दिला, तो राजनयिक. दक्षिण अमेरिकेत ही रीत जुनी आहे. ब्रिटनला ती मान्य नाही. भांडण नेमके तिथे होते आणि आपल्या बातम्यांनी ते 'राजकीय आश्रय' या दोन शब्दांत बुडवले.

पण 'आश्रय' तरी पुरतो का? माझे मत, नाही. आश्रय 'श्रि' धातूचा, म्हणजे कशाला तरी टेकणे. वेल झाडाचा आश्रय घेते, कवी राजाचा. त्यात देणाऱ्याची कृपा आहे, जागा नाही. आणि दूतावासाच्या प्रकरणात सगळा खेळ जागेचा असतो. दूतावास म्हणजे परदेशाची भूमी, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. जमीन यजमान देशाचीच. फक्त १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या २२ व्या कलमानुसार दूतावासाच्या प्रमुखाने हो म्हटल्याशिवाय यजमानांच्या पोलिसांना आत पाऊल टाकता येत नाही. असांज कायद्याने लंडनमध्येच होता. पोलीस दाराबाहेर, तो दाराआत, आणि हे जवळजवळ सात वर्षे चालले. ब्रिटनने १९८७ च्या आपल्या कायद्याचा हवाला देऊन त्या जागेचा दूतावास हा दर्जाच काढून घेऊ, असे सुचवून पाहिले. म्हणजे त्यांनीही हात घातला तो जागेलाच.

इंग्रजी 'असायलम' मुळात ग्रीक आहे आणि तोही हेच सांगतो. त्यातला 'अ' आपल्या 'अशक्य', 'अचल' यांतलाच नकाराचा अ, आणि पुढचा शब्द म्हणजे पकडून, हिसकावून नेण्याचा हक्क. जिथून कुणाला ओढून नेता येत नाही अशी जागा, एवढाच अर्थ. दया, कृपा यांचा पत्ताच नाही.

मराठीत याला तंतोतंत शब्द आहे आणि तो बातम्यांत कुणी वापरत नाही: थारा.

'त्याला कुठेच थारा मिळाला नाही' हे आपण रोज म्हणतो. लहानपणी आमच्या गावी गल्लीतला एक मुलगा बापाच्या चाबकाला घाबरून आमच्या घरात घुसला. बाप मागोमाग ओट्यावर चढला. आमची आजी उंबरठ्यात उभी राहिली, एक हात चौकटीला आडवा लावला आणि म्हणाली, "हाई मनं घर शे, आठे मारानं नही." (हे माझे घर आहे, इथे मारायचे नाही.) बाप खूप बोलला, पण पाय उंबरठ्याच्या अलीकडेच राहिला. चाबूक तसाच हातात. मुलगा चुलीमागे. रात्री आजीने त्याला भाकर वाढली आणि सकाळी स्वतः घरी पोचवला. आजीने त्याचा गुन्हा विचारला नव्हता, त्याची बाजूही घेतली नव्हती. तिने जागा दिली. याला थारा म्हणतात. व्हिएन्नाचे २२ वे कलम मी पुढे वाचले तेव्हा मला तो आडवा हात आठवला.

थाराची व्युत्पत्ती 'स्थिर'पासून लावणारे आहेत. मला ते अजिबात मान्य नाही. स्थिरचे प्राकृत थिर, जुन्या मराठीत थीर. त्या इकाराचा आकार कुणी आणि कधी केला, हे आधी दाखवा. अर्थ जवळ दिसला की शब्द जोडून मोकळे व्हायचे, ही व्युत्पत्ती नव्हे. माझा तर्क 'स्थावर'चा आहे: स्थावर, प्राकृतात थावर, मग व विरून थार, आणि त्याचा थारा. देवरचा दीर होताना व असाच विरला. अर्थही चपखल बसतो. स्थावर म्हणजे न हलणारे. 'स्थावर-जंगम' आपण अजून म्हणतोच. पळणारा जंगम, तो स्थावराच्या पोटात शिरतो. 'डोके थाऱ्यावर आहे का?' यातही हेच, जागेवरून न हललेले डोके. मराठी धातूंच्या मागे आयुष्यभर फिरलेले राजवाडे १९२६ साली आमच्या धुळ्यातच गेले. त्यांच्या पुष्कळ व्युत्पत्त्या आज टिकत नाहीत, पण शब्द मुळापर्यंत खणावा हा त्यांचा हट्ट या मातीत राहिला आहे आणि मी तो सोडणार नाही.

स्थावर असो की स्थिर, मुळाशी 'स्था' आहे यावर वाद नाही. आणि त्याच 'स्था'चे दुसरे लेकरू बघा: स्थान, त्यातून ठाण, ठाणे. पोलीस ठाण्यातले ठाणे तेच, ठाणे शहरही तेच, शिलाहारांच्या लेखांतले श्रीस्थानक. पळणाऱ्याच्या पुढे दोनच जागा असतात, ठाणे किंवा थारा, आणि दोघे सख्खे भाऊ!

दुसऱ्या बाजीराव पेशव्याचा विश्वासू कारभारी त्र्यंबकजी डेंगळे आठवा. १८१५ साली पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. शास्त्री बडोद्याच्या गायकवाडांचे वकील, म्हणजे दूत, इंग्रजांच्या हमीवर आलेले. खुनाचा ठपका त्र्यंबकजीवर आला. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्याला मागितले, बाजीरावाने टाळाटाळ करून अखेर दिले. इंग्रजांनी त्याला ठेवले कुठे? ठाण्याच्या किल्ल्यात. १८१६ मध्ये तो तिथून निसटला आणि नाशिक-संगमनेरच्या डोंगरांत, आमच्या खानदेशात भिल्लांच्या आधाराने फिरत राहिला. एल्फिन्स्टन म्हणे पेशव्यांनी थारा दिला आहे, पेशवे म्हणत आम्हाला ठाऊक नाही. १८१७ च्या मे महिन्यात महिन्याभराची मुदत मिळाली: त्र्यंबकजी द्या, आणि तोवर सिंहगड, पुरंदर, रायगड ओलीस ठेवा. एका पळालेल्या माणसापायी तीन किल्ले! जूनच्या पुणे करारात पेशव्यांनी जे गमावले ते त्याहून कितीतरी जास्त. त्र्यंबकजी १८१८ मध्ये निफाडजवळच्या अहिरगावात सापडला.

असांजचा थारा ११ एप्रिल २०१९ रोजी संपला. इक्वेडोरनेच दार उघडले आणि ब्रिटिश पोलीस आत गेले. पाच वर्षांनी, ५ एप्रिल २०२४ रोजी, त्याच इक्वेडोरच्या पोलिसांनी क्विटोतल्या मेक्सिकोच्या दूतावासात घुसून आपल्या माजी उपराष्ट्राध्यक्षाला, होर्हे ग्लासला, उचलून नेले. मेक्सिकोने लगेच संबंध तोडले. तिथे बोलावून घेणारे कुणी नव्हते, उंबरठाच मोडला होता. 'आश्रय भंगला' म्हणून हा फरक कळत नाही. 'थारा मोडला' म्हणा, लगेच कळतो.

राहिला फरार. अरबीत फरार म्हणजे पळ, आणि पळाला तो फरारी. मराठीने 'फरार झाला' रूढ केले आहे, त्याला माझी हरकत नाही. पण दूतावासात बसलेल्याला दोन्ही लावू नका. फरार तो, ज्याचा ठावठिकाणा नाही. याचा तर मजला आणि खिडकीसुद्धा सगळ्या जगाला ठाऊक असते. आणि ताई, हा 'ठाऊक'ही 'ठाव'मधूनच निघालेला, पुन्हा स्था.