वाचकांचे प्रश्न : छपाईसाठी कोरे मग कसे पारखावेत?

प्रश्न : फोंडा येथे माझे छायाचित्र-छपाईचे लहान दुकान असून मी मगांवरही छपाई करून देते. चवथीपूर्वी आणि डिसेंबरात मागणी चांगली असते. परंतु ऑनलाइन मागवलेल्या कोऱ्या मगांचा दर्जा प्रत्येक खेपेला बदलतो. कधी रंग फिके उतरतात, कधी कानाजवळ चित्र उमटत नाही, तर कधी थोड्याच धुण्यांत ते पुसट होते. प्रत्येक विक्रेता आपला माल ‘ए ग्रेड’ असल्याचे सांगतो. चांगले मग कोठून आणि कोणत्या कसोटीवर घ्यावेत?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : मगांवर केली जाते त्या सबलिमेशन छपाईत, म्हणजे कागदावर छापलेले चित्र उष्णतेने मगावर उतरवण्याच्या पद्धतीत, रंग चिनी मातीवर बसत नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेला शाईतील रंगद्रव्याची वाफ होते आणि ती मगावर आधीच चढवलेल्या पॉलिएस्टरच्या पातळ थरात शिरून तेथेच स्थिरावते. मातीच्या झिलईत ती शिरू शकत नाही. म्हणजे आपण मग विकत घेता तेव्हा खरे मोल त्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या कोटिंगचे असते, आणि विक्रेत्याच्या छायाचित्रावरून किंवा मगाच्या पांढरेपणावरून ते कळत नाही. ‘ए ग्रेड’ या शब्दांमागे सर्व विक्रेत्यांना बांधून ठेवणारे एकच मोजमाप नसल्याने त्यांच्यावर विसंबून मोठी मागणी नोंदवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि आपण सांगितलेल्या तीन तक्रारींपैकी प्रत्येक तक्रार मगाचीच असेल असे नाही. मग-प्रेसचा, म्हणजे मगाभोवती कागद दाबून तापवणाऱ्या यंत्राचा, तापणारा पट्टा कानाच्या दोन्ही बाजूंना मगाला पूर्ण टेकत नाही, त्यामुळे कानालगतची थोडी जागा उत्तम मगावरही फिकी राहते. तेथपर्यंत चित्र नेण्याचा आग्रह न धरता दोन्हीकडे मोकळी कड सोडावी. सगळेच चित्र करडे आणि निस्तेज उतरत असेल तर उष्णता, वेळ किंवा दाब कमी पडला असण्याची शक्यता असते. काळा रंग तपकिरी दिसू लागला आणि बारीक अक्षरे पसरली तर मग जास्त तापला असे समजावे. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा आणि पट्ट्याचे प्रत्यक्ष तापमान यांत फरक असू शकतो, म्हणून ते स्वतंत्रपणे तपासून घ्यावे. याआधी चांगला निघालेला एखादा जुना मग राखून ठेवला असेल, तर त्याच्यावर आणि नव्या मगावर तेच चित्र, तीच वेळ व तेच तापमान ठेवून छापून पाहावे. जुना नीट उतरला आणि नवा बिघडला, तर दोष मालाचा आहे हे ठरते आणि विक्रेत्याशी बोलताना आपली बाजूही भक्कम राहते. मात्र नवा मग जाड असेल तर त्याला तापायला अधिक वेळ लागतो. तो वेळ देऊन पुन्हा पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये.

आता पारखण्याविषयी. मग खिडकीच्या उजेडात तिरपा धरून सावकाश फिरवावा. कोटिंगमधील ओघळ, टोचल्यासारखी छिद्रे आणि अडकलेले धुळीचे कण तेव्हाच दिसतात. काचेवर उभा ठेवल्यावर तो डुलता कामा नये, आणि त्याला घट्ट गुंडाळलेल्या कागदाच्या सरळ पट्टीच्या कडा एकमेकींवर बरोबर जुळायला हव्यात; मग वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर पट्टी तिरकी जाते व पट्ट्याचा दाबही सगळीकडे सारखा बसत नाही. तळाच्या झिलई नसलेल्या कड्यावर शाईचा ठिपका देऊन थोड्या वेळाने पुसावा. ठिपका आत मुरला तर माती सच्छिद्र आहे. असा मग पाणी शोषतो आणि मायक्रोवेव्हमध्ये स्वतःच तापतो. पुढे त्याच्या झिलईला बारीक तडे जाण्याचाही धोका असतो. यानंतर चाचणीचे चित्र छापावे. त्यात गडद काळा चौकोन, माणसाच्या चेहऱ्याचे छायाचित्र, बारीक देवनागरी अक्षरे आणि हळूहळू फिका होत जाणारा एक रंगपट्टा असावा, कारण कोटिंगचा कमी-अधिकपणा चेहऱ्याच्या रंगात सर्वांत आधी उघडा पडतो. छापलेला मग घरच्या वापरात ठेवून रोज साबण आणि घासणीने धुवावा. दोन आठवड्यांत जे दिसायचे ते बहुतांशी दिसते, आणि हा वेळ मोठी खरेदी करण्यापूर्वीच काढायला हवा.

कोठून घ्यावे याला एकच उत्तर नाही. भारतात चिनी मातीच्या भांड्यांसाठी उत्तर प्रदेशातील खुर्जा प्रसिद्ध आहे. चीनमधून येणारे मगही बाजारात मिळतात, आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात भेटवस्तूंचा घाऊक बाजार आहे. मग कोणत्या देशाचा यापेक्षा पुढची खेप त्याच लॉटची किंवा निदान त्याच कोटिंगची मिळेल काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. विक्रेत्याला तो थेट विचारावा आणि जो लॉट पाठवला जाणार आहे त्यातलाच नमुना पैसे देऊन मागवावा. फुकट मिळणारा निवडक नमुना फारसा उपयोगाचा नसतो. पणजी, म्हापसा किंवा मडगाव येथे छपाईचे साहित्य विकणाऱ्याकडे दर थोडा जास्त पडला, तरी खोके समोर उघडून पाहता येते आणि सदोष माल परत करता येतो, ही सोय लहान व्यवसायाला मोलाची आहे.

दराचा हिशेब खरेदीच्या आकड्यावर न करता विकण्याजोग्या मगावर करावा. उदाहरणार्थ, ७० रुपयांप्रमाणे ३६ मगांचे खोके २,५२० रुपयांना पडले आणि त्यातील सहा मग टवके, तडे किंवा खराब कोटिंगमुळे वाया गेले, तर उरलेला प्रत्येक मग ८४ रुपयांना पडतो. प्रत्येकी ८० रुपयांच्या तेवढ्याच मगांतील एकच मग बाद झाला, तर तोच आकडा सुमारे ८२ रुपये येतो, आणि पहिल्या मालावर फुकट गेलेली शाई, कागद व आपले श्रम यांत धरलेलेही नाहीत. चोर्ला किंवा अनमोड घाटातून येणाऱ्या मालाला हिसके बसतात, तेव्हा प्रत्येक मगाला स्वतंत्र पुठ्ठ्याची पेटी आहे ना, हे मागणीपूर्वीच लिहून घ्यावे. खोके उघडताना व्हिडिओ काढून ठेवावा. तुटीच्या भरपाईसाठी तो लागतो. चवथीचा माल निदान महिनाभर आधी दुकानात असावा, म्हणजे बदलून घ्यायला अवधी उरतो.

प्रश्न : तेच मग उन्हाळ्यात उत्तम छापले जातात, पण जून लागताच चित्रावर डाग येतात व कडा पसरतात. माल बदलावा का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : माल बदलण्याआधी कागद तपासावा. किनारपट्टीच्या दमट हवेत सबलिमेशन कागद ओलावा धरतो, प्रेसमध्ये त्याची वाफ होते आणि ती रंगाला सोबत घेऊन बाजूला पसरवते. कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा आणि लागेल तेवढाच बाहेर काढावा. छापलेला कागद पूर्ण वाळल्यावरच मगाला उष्णतारोधक टेपने ताणून बसवावा. त्यापूर्वी मगही कोरड्या सुती कापडाने पुसून, थोडा गरम करून घेतल्यास त्याच्यावरची ओलही जाते. खोकी जमिनीला न टेकवता फळीवर आणि भिंतीपासून दूर रचावीत. एवढे करूनही डाग राहिले, तर मात्र त्याच लॉटचे दोन-तीन मग विक्रेत्याकडे परत पाठवून विचारणा करावी.