कोल्हापूरचा स्वातंत्र्यलढा : वाचकांची प्रश्नोत्तरे

ऑगस्ट जवळ आला की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराने तारखांचा घोळ वाढवला आहे, म्हणून एकत्रच उत्तरे देतो.

क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार कोल्हापूर संस्थानातले ना? (कागल)

नाही, ते साताऱ्याचे. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता.

१८५७ साली कोल्हापूर शांत होते, असे वाचले. (राजारामपुरी)

चुकीचे वाचलेत. ३१ जुलै १८५७ च्या रात्री इथल्या २७ व्या पलटणीने उठाव केला, डिसेंबरात शहरात पुन्हा भडका उडाला. छत्रपती बाबासाहेबांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय होता. त्यांना कराचीला नेऊन ठेवले आणि तिथेच त्यांचा अंत झाला. चिमासाहेब चौकातून रोज जाणाऱ्यांना तरी हे ठाऊक असावे. त्याआधी १८४४ मध्ये सामानगड, भुदरगड, पन्हाळ्याचे गडकरी, म्हणजे किल्ल्यांचे राखणदार, उठले होते. त्याचा तर कोणी उल्लेखही करत नाही.

कोल्हापुरातला मुंबईचा इंग्रज गव्हर्नर विल्सनचा पुतळा नेमका कोणी फोडला? घरोघरी वेगळे नाव ऐकू येते. (शिवाजी पेठ)

कारण घाव दोनदा पडले. १९४२ मध्ये भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोघींनी तो विद्रूप केला, १९४३ मध्ये तरुणांनी फोडला. त्या जागी १९४५ साली शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. तुमच्या घरातले नाव खरेही असेल, पण कागद दाखवल्याशिवाय मी ते छापणार नाही.

आजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात होते. येरवड्याच्या यादीत नाव नाही. ट्रंकेत मोडी कागद आहेत. एकजण ते लॅमिनेट करून 'स्वातंत्र्यसैनिक वारस प्रमाणपत्र' काढून देतो म्हणतो. द्यावेत का? (गडहिंग्लज)

एकही कागद देऊ नका. गरम प्लास्टिकमध्ये चिकटलेला जुना कागद पुन्हा सुटत नाही. चिकटपट्टी आणि पिनाही नकोत. सुती फडक्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आणि त्याआधी दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

आता यादीचे. कोल्हापूर हे संस्थान होते. इथली माणसे दरबारच्या पोलिसांनी पकडली, दरबारच्या तुरुंगात ठेवली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने संस्थानी प्रजेला आपापला लढा उभारायला सांगितले आणि १९३९ मध्ये माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांनी प्रजा परिषद उभी केली. म्हणजे इथला कार्यकर्ता इंग्रजाशी आणि दरबाराशी एकाच वेळी झगडत होता. त्याचे नाव ब्रिटिश मुलखातल्या यादीत सापडले नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. कोल्हापूर पुराभिलेखागारात रीतसर अर्ज करा, दरबारचे दप्तर तपासायला सांगा. मोडी जाणकाराकडूनच वाचून घ्या. एक अक्षर चुकले तर माणूस बदलतो.

प्रमाणपत्राचा तो धंदा मला संताप आणतो. कोणताही खासगी इसम कोणाला स्वातंत्र्यसैनिक ठरवू शकत नाही. केंद्राच्या सन्मान योजनेत साधारणपणे सहा महिन्यांच्या कारावासाचा पुरावा लागतो, आणि नातवंडांना निवृत्तिवेतन नसते. शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, पैसे मोजू नका.

घरात आजी असेल तर आज संध्याकाळीच तिच्याजवळ बसा. कोणता तुरुंग, सोबत कोण होते, डबा कोण नेत असे, हे तिच्याच आवाजात नोंदवा. 'दिवाळीच्या सुट्टीत बघू' म्हणणारी कितीतरी घरे मी पाहिली आहेत. दिवाळीपर्यंत सांगणारे माणूसच राहिले नाही.

गारगोटीच्या कचेरीवरचा हल्ला कधीचा? (भुदरगड)

१३ डिसेंबर १९४२. सात जण हुतात्मे झाले. गावच्या फलकासाठी नावे हवी असतील तर ऐकीव यादी रंगवू नका, अभिलेखाशी ताडून घ्या.

कोल्हापूर १५ ऑगस्ट १९४७ लाच मुंबई प्रांतात आले का? (इचलकरंजी)

नाही, १ मार्च १९४९ ला. सामीलनामा म्हणजे भारतात सामील होण्याचा करार, विलीनीकरण म्हणजे संस्थानच प्रांतात मिसळणे; दोन्ही वेगळे. जमिनीच्या जुन्या कागदासाठी विचारत असाल तर त्यावरची तारीख घेऊन आधी वकिलाला भेटा.