पोरगं असं का वागतंय?

प्रश्न (आजोबा, केज तालुका): दसरा झाला की मुलगा-सून ऊसतोडीला जातात. बारा वर्षांचा नातू आमच्याकडे असतो. यंदा त्यानं माझ्या बंडीच्या खिशातून पैसे काढले. त्या पैशांची भजी चार पोरांना खाऊ घातली. खायला-ल्यायला काही कमी नाही, मग असं का?

उत्तर: आजोबा, त्यानं त्या पैशांनी पोरांची सोबत विकत घेतली. आई-बाप महिनोन्‌महिने नजरेआड असले की लेकराच्या मनात राग आणि ओढ दोन्ही साचतात, आणि ते त्याला बोलून दाखवता येत नाही. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1944 मध्ये चोरी करणाऱ्या 44 मुलांची पाहणी छापली. त्यातली 17 मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत आईपासून दीर्घकाळ दुरावली होती. त्या पाहणीवर पुढं टीकाही झाली, आणि तुमचा नातू तर तुमच्या मायेत आहे, तेव्हा तो आकडा त्याला चिकटवू नका. इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट मात्र म्हणत की चोरणाऱ्या मुलाची आशा अजून सुटलेली नसते. मला हे पटतं. रोज रात्री ठरल्या वेळी कोपीवरून, म्हणजे तोडीवरच्या झोपडीतून, आईचा फोन येऊ द्या, दोन मिनिटं का होईना. त्यात चोरीचा विषय नको. पाव्हण्यांपुढं ‘चोर’ तर म्हणूच नका, पोरं ते नाव अंगाला लावून घेतात.

प्रश्न (आई, लातूर): मुलगा सोळा वर्षांचा, क्लाससाठी होस्टेलवर. घरी गरीब गाय, पण मित्रांसोबत कोयता घेऊन रील काढतो. गुंड होईल का?

उत्तर: बहुधा नाही. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळात पाहिलं की मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं एकटं असतानापेक्षा बरीच जास्त जोखीम घेतात. तो कोयता बघणाऱ्यांसाठी आहे. चाचणीत त्याचा कितवा नंबर येतो, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मला त्यातच जास्त रस आहे. यादीत तळाशी राहणारा मुलगा मान दुसरीकडं शोधतो. पण टाकलेले रील आजच काढून टाकायला लावा, अशांवर पोलीस गुन्हे नोंदवतात. बोलायचं ते एकट्याशी, मित्रांदेखत नाही.

प्रश्न (शिक्षक, परभणी): शाळा सोडून गुंडगिरी करणाऱ्या पोरांना दोन रात्री कोठडीत बसवलं की सुतासारखे सरळ येतात. नाही का?

उत्तर: नाही, गुरुजी. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवताच येत नाही. पकडलं तर 24 तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. अमेरिकेत मुलांना तुरुंग दाखवून घाबरवायचे कार्यक्रम झाले. तपासलं तेव्हा, न गेलेल्यांपेक्षा जाऊन आलेल्यांचेच गुन्हे जास्त निघाले. त्यापेक्षा शाळेत परत ये, बाक रिकामा आहे, एवढा निरोप अशा पोराच्या घरी धाडा.