जपानी लोकांना कार्डानोचं स्टेकिंग समजावताना सुरुवात कुठून करावी?

स्टेकिंग म्हणजे कार्डानो या क्रिप्टो जाळ्याची नाणी (एडा) ते जाळं चालवण्याच्या कामाला जोडून मोबदला मिळवणं. ते समजावताना सुरुवात व्याजदरापासून नको, ‘नाणी कोणाच्या ताब्यात राहतात’ इथून करा. कारण जपानमध्ये पहिली भीती तीच आहे: २०१४ मध्ये टोकियोचं माउंट गॉक्स हे क्रिप्टो खरेदी-विक्रीचं एक्स्चेंज बुडालं आणि जानेवारी २०१८ मध्ये कॉइनचेक या दुसऱ्या एक्स्चेंजमधून सुमारे ५८ अब्ज येनची नाणी चोरीला गेली. ती नाणी एक्स्चेंजकडे ठेवलेली होती, हे आधी स्पष्ट सांगा. कार्डानोत तसं नसतं. तुम्ही पूलला (जाळ्यावरचे व्यवहार नोंदवणाऱ्या केंद्राला) फक्त आपल्या वाट्याचं वजन देता, एडा तुमच्याच वॉलेटमध्ये राहतात आणि कधीही खर्च करता येतात. बोलण्यापेक्षा करून दाखवा: वॉलेट उघडा, पूल निवडा, २ एडा अनामत (ती परत मिळते) आणि किरकोळ शुल्क भरा, मग शिल्लक जागची हललेली नाही हे त्यांनाच वाचू द्या. मोबदल्याच्या हिशेबाचा एक टप्पा (एपॉक) पाच दिवसांचा असतो, पण पहिला मोबदला दिसायला दोनतीन आठवडे लागतात; हे आधी सांगितलं नाही तर माणसं घाबरून फोन करतात. आणि हात जोडून सांगतो, वॉलेट उघडणारे गुप्त शब्द मागणारा कोणीही, अगदी मदतनीस म्हणवणारासुद्धा, चोरच समजायला शिकवा. क्रिप्टोसाठी जपानी शब्द ‘कासो त्सूका’ (आभासी चलन) ऐवजी ‘आंगो शिसान’ (क्रिप्टो मालमत्ता) वापरा, २०२० पासून तिथल्या कायद्यात तोच आहे.

मात्र कराबद्दल सल्ला तुम्ही देऊ नका. मोबदला हाती येतो त्या दिवसाच्या भावाने उत्पन्नात धरला जातो, म्हणून तारीख आणि येनमधला भाव लिहून ठेवायला सांगा आणि बाकीचं त्यांच्या कर सल्लागाराकडे सोपवा.