मत्स्यछंद, वाचकांचे प्रश्न : लोच दडूनच का बसतो?

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी दोन फुटी टाकीत झेब्रा लोचची जोडी आणली. दिवसभर दोघे फिल्टरमागे दडलेले असतात, फक्त रात्री उठून पाहिलं तर फिरताना दिसतात. लपायला जागाच नको म्हणून दगड आणि रोपं काढून टाकली, तरी फरक नाही. तळाशी पांढरे खडे आहेत. दिवा सकाळी 9 ते रात्री 11 चालू असतो. – एक वाचक, सांगली

उत्तर : दगड काढले तिथेच चुकलं. लाजरा मासा उघड्यावर येतो तो एका झेपेत आडोसा गाठता येत असेल तरच. आडोसा काढून घेतल्यावर त्याला फिल्टरमागचा कोपरा तेवढा उरतो, आणि तो कोपरा सोडायची त्याची हिंमत होत नाही.

झेब्रा लोच, म्हणजे बोटिया स्ट्रायाटा, खरं तर तुमच्याच बाजूचा. सह्याद्रीतून कृष्णेला येऊन मिळणाऱ्या नद्यांतला, पंचगंगेच्या खोऱ्यातला मासा. वाळू-गोट्यांच्या तळाशी तो घोळक्यानं राहतो. त्यामुळे ‘जोडी’ हा हिशेब त्याला लागू पडत नाही. निदान 5, शक्यतो 6 हवेत. तेवढ्यांना 24×12×12 इंची टाकी पुरत नाही, तिच्यात जेमतेम 55 लिटर पाणी मावतं. 36×15×15 इंची टाकी घ्या, सुमारे 130 लिटरची.

इथे एक अडचण आहे. निसर्गात हा मासा धोक्यात आलेल्या जातींत मोडतो, आणि शोभेच्या माशांसाठी होणारी पकड हे त्याचं एक कारण. म्हणून दुकानातून आणखी चार आणण्याआधी, कुणाला आपले लोच दुसऱ्याकडे द्यायचे आहेत का ते विचारा. मोठी टाकी जमणारच नसेल तर तुमचे दोन ज्याच्याकडे घोळका आहे त्याला देणं जास्त बरं.

टाकी बदलणार असाल तर पांढरे खडे नकोत. खालून उजेड परतला की तळाचा मासा बिचकतो, शिवाय धारदार खड्यांनी त्याच्या मिशा झिजतात. गडद, गुळगुळीत, बारीक वाळू 4 सेंटीमीटर जाडीची पसरा. या मापाला 20 ते 22 किलो लागते. आधी मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती वापरू नका. मागची आणि दोन्ही बाजूंच्या काचा बाहेरून काळ्या कागदानं झाका.

आडोसे माशांच्या संख्येपेक्षा एक-दोन जास्तच ठेवा, नाहीतर दांडगा लोच बाकीच्यांना हुसकावतो. नारळाच्या करवंट्या सगळ्यात स्वस्त. खोबरं आणि शेंडी पूर्ण काढा, पाणी बदलत तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं उकळा आणि कडेला 4 सेंटीमीटरचं दार कापून कड घासून घ्या. दीड इंची पीव्हीसी पाइपचे 15 सेंटीमीटरचे तुकडेही चालतात, दिसायला मात्र ओबडधोबड. देशी बदामाची गळून पडलेली, वाळलेली, फवारणी न झालेली पानं धुऊन 50 लिटरला एक-दोन टाका. पाण्याला चहासारखा रंग येतो, उजेड मंदावतो. तीन-चार आठवड्यांनी पानं बदला.

दिवा रोज 8 तासच ठेवा. खाणं सुरुवातीला दिवा विझल्यावर वीस मिनिटांनी द्या, बुडणारी गोळी, रोज एकाच जागी. आठवडाभरानं ती वेळ दर तीन दिवसांनी दहा मिनिटं अलीकडे आणत चला. ज्या दिवशी ते खायला येणार नाहीत तिथून एक पायरी मागे या. उरलेलं सकाळी काढून टाका.

नव्या टाकीत लोच लगेच सोडू नका. पाण्यातल्या घाणीतून तयार होणारी अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्यं दोन्ही शून्यावर आल्याशिवाय तर नाहीच. पकडताना जाळी टाळा. लोचच्या डोळ्याखाली काटा असतो, तो जाळीत अडकतो. बरणीत हाकलून उचला.

कुशीवर पडलेला लोच पाहून घाबरू नका, ती त्यांची झोपायची तऱ्हा. पर आखडलेले, श्वास जोरात, डोक्यामागे पोट खपाटीला गेलेलं, असं असेल तर ते दडणं आजारपणाचं आहे. आधी पाणी तपासा. औषध लागलंच तर पूर्ण मात्रा देऊ नका. लोचची खवलं अतिशय बारीक असल्यानं त्याला औषध लवकर बाधतं.

प्रश्न : सकाळी टाकीचा दिवा लावला की निऑन टेट्रा सैरावैरा पळतात, काचेवर आदळतात. – एक वाचक, पुणे

उत्तर : मिट्ट काळोखातून एकदम लख्ख उजेड झाला की कुठलाही छोटा मासा हेच करणार. आधी खोलीतला दिवा लावा किंवा पडदा सरकवा, पंधरा मिनिटांनी टाकीचा. रात्री उलट क्रम. दिव्याला टायमर लावला तर वेळ चुकत नाही. पाण्यावर तरंगती रोपं सोडून निम्मा पृष्ठभाग झाका. टेट्रा आठ-दहापेक्षा कमी असतील तर संख्या वाढवा.

प्रश्न : बुजऱ्या माशांच्या सोबतीला धीट मासे सोडावेत, असं दुकानदार म्हणाला. टायगर बार्ब चालतील? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सल्ला बरोबर, मासा चुकीचा. वरच्या थरात निवांत फिरणारे मासे दिसले की तळाचा मासा ‘धोका नाही’ असं समजतो. पण टायगर बार्ब पर कुरतडतात. त्याऐवजी सहा-आठ झेब्रा डॅनिओ सोडा. टाकीला झाकण मात्र हवंच, डॅनिओ उड्या मारतात.