कुत्र्याने बेडूक तोंडात धरला, आता तोंडाला फेस येतोय. काय करू?
आधी तोंड धुवा, बाकी सगळं नंतर. डोकं खाली झुकवून गालाच्या बाजूने पाण्याची बारीक धार सोडा. पाणी पुढून बाहेर पडलं पाहिजे, घशात नको. पाच-दहा मिनिटं तरी धुवा, मग ओल्या फडक्याने हिरड्या, जीभ, टाळू पुसा. फडकं दर वेळी खळबळून घ्या. पावसाळ्यात दिव्याखाली किडे टिपायला येणाऱ्या खरखरीत बेडकाच्या डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असतात, त्यातल्या पांढऱ्या चिकट विषाने हा फेस येतो. दूध, तेल, मिठाचं पाणी पाजू नका, उलटी करवू नका. झोकांड्या, झटके, धाप दिसली, बेडूक गिळला असेल किंवा पिल्लू लहान असेल, तर वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.