तीन गोळ्या चालू, तरी बीपी १६०

"मी फार चिडते, म्हणून माझं बीपी उतरत नाही का?" ३४ वर्षांच्या एका शिक्षिकेचा हा प्रश्न. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोन अशा तीन गोळ्या चालू, तरी मोजलं की १६०/१००. "विचार कमी कर" हा सल्ला घरात रोजचाच. सासूबाईंनी मीठ इतकं तोडलं की जेवणच नकोसं झालं. आपल्या स्वभावामुळेच हे ओढवलंय, असं ओझं घेऊन त्या आल्या होत्या.

ताणानं बीपी तात्पुरतं चढतं. पण तिशीच्या आसपास सुरू झालेलं आणि तीन औषधांना, त्यातही लघवी वाढवणाऱ्या गोळीला, दाद न देणारं बीपी दिसलं, की मूळ कारण शोधायलाच हवं. त्याआधी दोन साध्या गोष्टी तपासायच्या. गोळ्या खरंच रोज घेतल्या जातात का? आणि मशीनचा पट्टा दंडाला पुरतो का? पट्टा आखूड असला की आकडा खोटाच वाढीव येतो. इथे दोन्ही ठीक होतं.

मग कुणी न विचारलेले प्रश्न विचारले. पोटऱ्यांत गोळे येतात? हो. रात्री लघवीला उठावं लागतं? तीनदा. पोटॅशियमचा जुना रिपोर्ट ३.१ होता (३.५च्या खाली म्हणजे कमी), पण "गोळीमुळे असेल" म्हणून सोडून दिला होता. क्लोरथॅलिडोनमुळे पोटॅशियम उतरतं हे खरंच, आणि नेमकं तिथेच निदान निसटतं. शिवाय वर्गात बोलून घसा बसतो म्हणून त्या दिवसभर ज्येष्ठमध चघळत. ज्येष्ठमध शरीरात मीठ साठवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. डोकेदुखीच्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, स्टेरॉइड, नाक मोकळं करणारी औषधं यांचीही चौकशी केली. त्यातलं काही नव्हतं. झोपेत घोरणं नव्हतं, आणि अचानक घाम, धडधड व डोकेदुखीचे झटकेही नव्हते.

ज्येष्ठमध बंद केलं. त्याचा परिणाम ओसरायला काही आठवडे लागतात, म्हणून महिनाभर थांबलो. पोटॅशियम थोडं सुधारलं, बीपी तसंच. आता संशय अ‍ॅड्रिनल ग्रंथींवर. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या या दोन छोट्या ग्रंथी. त्यातली एक जरी विनाकारण अल्डोस्टेरॉन हे मीठ धरून ठेवणारं संप्रेरक (हार्मोन) सोडत राहिली, तरी मीठ साठतं आणि पोटॅशियम जातं. या आजारात अनेकांचं पोटॅशियम नॉर्मलही असतं, त्यामुळे केवळ त्या आकड्यावर निर्धास्त होऊ नये.

तपासणी म्हणजे अल्डोस्टेरॉन-रेनिन गुणोत्तर (रेनिन हा मूत्रपिंडातून येणारा, अल्डोस्टेरॉन वाढवायला लावणारा घटक; ग्रंथी स्वतःहूनच अल्डोस्टेरॉन सोडत असली की तो दबतो), आणि ती बिघडते तयारीत. आधी पोटॅशियम भरून घ्यायचं, मीठ तोडायचं नाही (सासूबाईंना हे पटवावं लागलं!), सकाळी उठून किमान दोन तास हिंडल्या-फिरल्यावर ५ ते १५ मिनिटं बसून रक्त द्यायचं. टेल्मिसार्टनसारख्या गोळीनं रेनिन वर जाऊन आजार झाकला जाऊ शकतो, म्हणून डॉक्टर काही वेळा औषध बदलतात. स्वतःच्या मनानं मात्र एकही गोळी थांबवायची नाही.

रिपोर्टमध्ये अल्डोस्टेरॉन जास्त आणि रेनिन दबलेलं. नुसतं ज्येष्ठमधाचं काम असतं तर दोन्ही कमी दिसले असते. सलाइन देऊन केलेल्या तपासणीनं निदान पक्कं झालं. सीटी स्कॅनमध्ये डाव्या ग्रंथीत गाठ होती. तरी दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून रक्त घेऊन दोष डावीकडचाच आहे, याची खात्री केली. स्कॅनमधली गाठ निरुपद्रवी असू शकते, त्यामुळे या वयात ही पायरी गाळू नये असं आमचं ठाम मत आहे. दोन्ही बाजूंचा दोष असता तर शस्त्रक्रियेऐवजी अल्डोस्टेरॉनचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन दिलं असतं.

दुर्बिणीतून डावी ग्रंथी काढली. आता एक गोळी चालू आहे. सगळ्यांच्याच गोळ्या पूर्ण सुटत नाहीत, हे शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट सांगितलं होतं. पोटॅशियमचं औषध मात्र लगेच बंद झालं, कारण उरलेली ग्रंथी जागी होईपर्यंत पोटॅशियम उलट वाढू शकतं. सुरुवातीचे काही आठवडे त्याची रक्ततपासणी चुकवायची नाही.